एक म्हणायच्या आत

"चौदा... पंधरा... सोळा..."

दुमा मोजत होती. एका हातात पडद्यावर चरे पडलेला, कुणी फुकट दिला तरी घेऊ नये असा जुनाट फोन. पुढ्यात तिम्लोचं गरम सूप, आणि ओठांवर आकडे. दुपारची जेवणाची वेळ. खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून एक अनोळखी तरुण सूपाचं वाडगं घेऊन तिच्या टेबलापाशी आला आणि बसू का म्हणून विचारू लागला. दुमाने बोट वर करून त्याला थांबायची खूण केली आणि मोजणं चालूच ठेवलं. तो बिचारा वाफाळतं वाडगं हातात धरून उभाच राहिला.

"...बावीस, तेवीस. उघडलं बाई एकदाचं." तिने मान वर केली. "अहो, बसा ना. उभे का?"

तो बसला. पांढरा शर्ट, बाहीवर मेणाचा पिवळट डाग, कपाळावर आलेले केस. सूपातल्या अंड्याच्या चकतीकडे तो थोडा वेळ बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "काय... मोजत होतात?"

"वेबसाइट. इथल्याच एका बाटिकवाल्यांची. तेवीस सेकंद लागतात उघडायला."

"जास्त आहेत का?"

"जास्त? तीन सेकंदांत पान उघडलं नाही की माणूस चालू लागतो. ही ज्या कुणी महाशयांनी बनवली आहे ना, त्यांना गिऱ्हाईक नको असणार. फोटो बघा केवढाले टाकलेत. भिंतीला टांगायचेत की काय?"

त्याने विचार केला. दुमाने सवयीप्रमाणे मनातल्या मनात मोजलं. सात सेकंद.

"हो," तो म्हणाला. "मोठेच आहेत जरा."

"मला भेटू दे तो माणूस. चांगली खरडपट्टी काढते."

"काढायलाच हवी," तो म्हणाला आणि खाली मान घालून सूप पिऊ लागला. उठताना त्याने आपल्या बशीतलं सोयाबीनचं तळलेलं टेम्पे तिच्याकडे सरकवलं, किंचित वाकला आणि निघून गेला. वागणं किती चांगलं, असं दुमाला वाटलं. डोळेही चांगले होते, पण ते तिला टेम्पे खाऊन झाल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोलो शहरातल्या लावेयान भागाच्या गल्ल्यांमधून पत्ता विचारत निघाली. उंच पांढऱ्या भिंती, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने मागे जावं एवढीच वाट, आणि भिंतीपलीकडून तापलेल्या मेणाचा वास. तिने एका हिरव्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं आणि दारात तोच उभा. शर्ट आज निळा होता.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"या," तो म्हणाला. "खरडपट्टी... आत बसून काढाल, की इथेच?"

दुमाला आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते सुचलं नाही.

आता हे नवल होतं, कारण दुमा मेदानची, सुमात्रा बेटावरची. तिकडची बाटाक माणसं येतात तेव्हा आधी आवाज येतो आणि मागून माणूस, असं सोलोवाले म्हणतात. म्हणजे तोंडावर म्हणत नाहीत. सोलोत तोंडावर कुणी कुणाला काहीच म्हणत नाही. जकार्तातल्या ज्या छोट्या कंपनीत दुमा काम करायची, ती वेबसाइट किती वेळात उघडतात ते तपासून सुधारून द्यायची. सोलोच्या व्यापारी संघाने तिला तीन महिन्यांसाठी बोलावून तीस जणांची यादी हातात दिली होती. ऑफिसातल्या वेगवान यंत्रावर बसून तपासणं तिला पटत नसे. जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे बसायचं, त्याच्या हातात असतो तसला फोन घ्यायचा आणि बोटांवर मोजायचं, ही तिची रीत.

राहत्या खोलीच्या भिंतीवर तिने तक्ता लावला होता. सगळ्यात वर नूडल्सवाला, दीड सेकंद, कारण त्याच्या पानावर नूडल्सचा एक फोटो आणि फोन नंबर सोडून काही नव्हतंच. बसवाल्यांचं पान एरवी चार सेकंदांत उघडायचं. ईदच्या आधी अख्खं शहर गावी जायच्या तिकिटांसाठी तुटून पडलं की त्याला धाप लागायची. रुग्णालयाला नऊ लागत, पण तिथे माणूस थांबतो, जाईल कुठे. लग्नाच्या हॉलवाल्यांनाही कुणी सोडून जात नसे, कारण ते पान जोडीने बघतात आणि वेळ बरा जातो. एका दंतवैद्याचं पान उघडेपर्यंत दात दुखायचा राहून जात असावा. एका हॉटेलचं तर आधी गामेलानचा वाद्यवृंद वाजायचा, मग मालकाचा फोटो यायचा, आणि त्यानंतर इच्छा उरली असेल तर खोल्या दिसायच्या. आणि सगळ्यात तळाशी, तेवीस सेकंदांवर, बुदे लास्मींचं बाटिक.

बुदे म्हणजे मोठी मावशी. ती त्या तरुणाची मावशी होती, पण सगळी गल्ली तिला बुदेच म्हणायची. तरुणाचं नाव जात्मिको. फोटो त्याचे, पान त्याचं, आणि तेवीस सेकंदही त्याचेच.

"काल का नाही सांगितलंत?" दुमाने विचारलं.

जात्मिकोने बराच वेळ घेतला. "तुम्ही मोजत होतात," तो म्हणाला. "मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं, म्बाक."

म्बाक म्हणजे ताई. सोलोत भाजीवाल्यापासून बँकवाल्यापर्यंत कुणीही अनोळखी मुलीला म्हणतं. दुमाला ते रोज शंभरदा ऐकायची सवय होती. आज मात्र ते थोडं टोचलं, आणि का टोचलं याचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं.

मागच्या अंगणात चौदा बायका छोट्या चुलींभोवती बुटक्या स्टुलांवर बसल्या होत्या. मांडीवर कापड आणि हातात चांतिंग, तांब्याच्या चोचीची ती मेणाची लेखणी. मेणात बुडवायची, चोचीवर हळूच फुंकर घालायची, आणि रेघ ओढायची. कुणी घाईत नव्हतं. दुमाला तिथे बसल्याबसल्या पाय हलवावेसे वाटू लागले.

"बघायचंय करून?" जात्मिकोने विचारलं. त्याने कापडाचा एक तुकडा तिच्या मांडीवर पसरला आणि चांतिंग तिच्या बोटांत नीट धरून दिली. बोटाला बोट लागलं. मेणापेक्षा ते जास्त गरम होतं, असं तिला शपथेवर सांगता आलं असतं.

"आता फुंकर. नाही... एवढी नाही. चूल विझेल."

अंगणात हसू पिकलं. दुमाने रेघ ओढली नि लगेच टपटप तीन थेंब पडले. सगळ्यात वयस्क पोनियेमबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मुलीला घाई आहे गं. सासर लांब आहे वाटतं."

"सासर अजून ठरायचंय, आजी."

"मग घाई बरोबर आहे," पोनियेमबाई म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. जात्मिको चुलीत काहीतरी शोधत होता. चुलीत शोधण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर दुमा रोज यायला लागली. कामच तसं होतं, असं ती स्वतःला सांगायची. बाकीच्या एकोणतीस जणांचं काम एकेका दिवसात उरकणारी दुमा इथे आठवडाभर रमली, हे तक्त्याच्याही लक्षात आलं असेल. चार वाजता जात्मिको कोपऱ्यावरून नारळाच्या दुधातल्या गरम सराबी, म्हणजे छोटी धिरडी, आणायचा. कडेला कुरकुरीत, मधोमध मऊ. कडा तिला आवडतात हे त्याने दुसऱ्याच दिवशी हेरलं, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्या बशीत नुसते मऊ मधले भाग उरायला लागले. ती नुसत्या कडा खात राहिली.

ती त्याला मोजायचीही. "चहा घेणार की सरबत?" याला अकरा सेकंद. "उद्या पाऊस येईल का?" याला नऊ. "तुमचं लग्न झालंय का?" याला सतरा, आणि उत्तर काय तर, "अजून नाही."

"तीन सेकंदांत मी निघून जाते हं," ती एकदा म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही... अजून बसलेल्या आहात."

त्या संध्याकाळी दुमाने आईला मेदानला फोन लावला आणि पाच मिनिटं तक्त्याबद्दल बोलली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

"मी तुला जन्म दिलाय, दुमा."

"...जात्मिको."

"सोलोचा? देवा. त्याने मागणी घालेपर्यंत मी कवळी लावलेली असेन. तूच विचारून टाक."

"आणि तो नुसता शिष्टाचार म्हणून हो म्हणाला तर?"

आईने विषय बदलून ती जेवली का ते विचारलं.

आठवड्याच्या शेवटी दुमाने निदान केलं. कापडांचे फोटो जडच होते, पण त्याहून जड होते ते पानावर आधी येणारे चौदा फोटो: चौदा बायकांचे चौदा हात. प्रत्येकाखाली नाव आणि इथल्या कामाची वर्षं. 'पोनियेम, एक्कावन्न वर्षं.' सुंदर होते; नखांतलं मेण, बोटांवरचे चटके, सगळं दिसत होतं.

"पण लोक कापड घ्यायला येतात," दुमा म्हणाली. "हात काढून टाकू या. कापडांचे फोटो मी हलके करते. पान दोन सेकंदांत उघडेल. चालेल?"

बारा सेकंद. "हो," जात्मिको म्हणाला.

"नक्की?"

"तुम्हाला जास्त कळतं, म्बाक."

मेदानमध्ये हो म्हणजे हो. दुमाने हात काढले. पान दोन सेकंदांत उघडलं. तिने तक्त्यावर बुदे लास्मींना तळातून उचलून नूडल्सवाल्याच्या शेजारी नेऊन बसवलं आणि खुशीत एक गाणं गुणगुणलं.

तिसऱ्या दिवशी ती अंगणात आली तर पोनियेमबाई काम थांबवून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा कालिमांतानला खाणीवर कामाला. आठवड्यातून एकदा त्याचा फोन यायचा.

"काल विचारत होता," त्या दुमाला म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं. "म्हणाला, आई, तुझे हात कुठे गेले? जेवणाच्या सुट्टीत तो रोज ते पान उघडायचा म्हणे. तिकडे नेटवर्क अगदी रडकं. तेवीस काय, मिनिट मिनिट लागायचं. थांबायचा."

माणूस तीन सेकंद थांबतो, हे दुमा गेली चार वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. एक माणूस रोज मिनिटभर थांबत होता, आणि त्याचीच वस्तू तिने उचलून फेकली होती.

जात्मिको मागच्या बाजूला दोरीवर ओली कापडं वाळत घालत होता. ती तडक त्याच्यापाशी गेली.

"तुम्ही मला हो म्हणाला होतात."

"हो."

"पुन्हा हो? तुम्हाला ते फोटो जायला नको होते. एकेका हातासाठी तुम्ही आठवडा आठवडा घालवलाय, बुदेंनी सांगितलं मला. मग नाही म्हणायला काय झालं होतं?"

आठ... नऊ... दहा...

"तुम्ही इतकं मनापासून सांगत होतात," तो ओल्या कापडाआडून म्हणाला. "आणि पाहुण्याला तोंडावर नाही... कसं म्हणायचं?"

"मी पाहुणी आहे?"

दुमा तेरापर्यंत आली आणि तिने मोजायचं सोडून दिलं. तिला रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता, आणि त्यातलं जास्त काय येतंय ते कळत नव्हतं.

"ए मेदान," आतून बुदेंचा आवाज आला. बुदे दुकानातल्या वेताच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत असायच्या. "इकडे ये. नाक पूस. गिऱ्हाईक आलं की मी काय करते?"

"चहा देता," दुमा नाक पुसत म्हणाली.

"मग?"

"मग एक कापड उलगडून दाखवता."

"एकच? त्या कपाटात दोनशे आहेत. सगळी एकदम त्याच्या अंगावर का नाही टाकत?"

"कारण तो घाबरून... " दुमा बोलता बोलता थांबली. "तो एक बघतो. मग पुढचं बघावंसं वाटलं की तुम्ही पुढचं उलगडता."

"न बघितलेलं कपाटातून काढून टाकते का मी?"

दुमा त्यांच्याकडे बघतच राहिली. पान हलकं उघडायचं, आणि बघणाऱ्याचं बोट जसं खाली जाईल तसा एकेक हात समोर आणायचा. हे तिला येत होतं. कितीतरी जणांना तिने हे करून दिलं होतं. इथे मात्र घाई नडली होती.

"बुदे, तुम्ही आमच्या कंपनीत या."

"तिथे मेणाचा वास येतो का?"

"नाही."

"मग नको."

"बघा," दुमा दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या जात्मिकोकडे वळून म्हणाली, "यांना 'नाही' म्हणता येतं की."

"साठी उलटली की येतं," बुदे म्हणाल्या. "त्याला अजून तीस वर्षं आहेत."

पुढचे चार दिवस दोघं एका टेबलाशी खांद्याला खांदा लावून बसले. तो फोटो शोधून द्यायचा, ती ते हलके करायची, आणि प्रत्येक फोटो तो डोळे बारीक करून बघायचा: नखातलं मेण अजून दिसतंय ना? दिसत होतं. पोनियेमबाईंच्या मुलाने कालिमांतानहून सांगितलं की आईचे हात आता सूप निवायच्या आत येतात. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुमाने मात्र घरी जाऊन कंपनीचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

पत्र असं होतं: सोलोचं काम संपतंय. मकासरला बंदरावरच्या जहाज कंपन्यांचं वर्षभराचं काम आहे, तिथे जा. किंवा सोलोचा व्यापारी संघ आणखी वर्षभर ठेवून घ्यायला तयार आहे, तर तिथेच राहा. शुक्रवारपर्यंत कळव. दुमाला राहायचं होतं. पण राहायला एक कारण हवं होतं, आणि ते कारण काही तोंड उघडत नव्हतं. तिने विचारलं आणि तो मर्यादेने हो म्हणाला, "हो, जा, चांगली संधी आहे, म्बाक," तर ते तिला आयुष्यभर ऐकू येत राहिलं असतं.

शुक्रवारी दुपारी ती तिम्लोच्या खानावळीत, त्याच बाकावर, तोच जुनाट फोन घेऊन बसली. शेवटची तपासणी. पान दोन सेकंदांत उघडलं. एरवी पान उघडलं की दुमाचं काम संपायचं. खाली काय आहे ते ती कधी बघत नसे. आज बोट आपोआप खाली सरकत गेलं. एक हात, दुसरा हात, पोनियेमबाईंचा हात. बारा, तेरा, चौदा.

आणि पंधरावा.

पंधरावा हात तिचाच होता. मोजण्यासाठी वर केलेलं बोट, अंगठ्यावर वाळलेलं मेण, मनगटाशी मेदानहून आणलेला लाल-काळ्या विणीचा पट्टा. जात्मिकोने हा फोटो कधी काढला होता कुणास ठाऊक. खाली लिहिलं होतं: 'दुमा, ... वर्षं.' आकड्याची जागा रिकामी होती.

सूप तसंच राहिलं.

ती हिरव्या दारातून आत आली तेव्हा जात्मिको अंगणात चुलीवरच्या मेणात काडी फिरवत होता. ती इतकी भरभर आली होती की श्वास पुरत नव्हता. चौदा चांतिंग थबकल्या. कुणी उठून जाण्याची तसदी घेतली नाही.

"मला मकासरला बोलावलंय," दुमा म्हणाली. "वर्षभरासाठी. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय."

जात्मिकोचा हात थांबला. तिला दिसलं, तो शब्द शोधायला निघाला. नीट, नम्र, कुणाला न लागणारे शब्द. अकरा सेकंदांचे, सतरा सेकंदांचे.

"थांबा," ती म्हणाली. "मी एकच विचारणार आहे. बरं दिसेल ते उत्तर मला नको. मी तीन मोजीन. तीनपर्यंत उत्तर आलं नाही तर चालू लागेन, आणि मी खरंच चालू लागते, तुम्हाला माहीत आहे." तिने बोट वर केलं. "जाऊ का मी?"

तिने 'एक' म्हणायला ओठ उघडले.

"नको," जात्मिको म्हणाला. "जाऊ नकोस, दुमा."

म्बाक नव्हतं. तुम्ही नव्हतं. तो स्वतःच दचकला होता, पण नजर खाली गेली नाही. मेणाची काडी हातातच होती आणि तिच्यावरून थेंब त्याच्या पायावर पडत होते, तेही त्याला कळत नव्हतं. मग, जणू एकदा जमलंय तर करूनच घ्यावं, तो पुन्हा म्हणाला, "नको जाऊस. मला नाही चालणार."

पोनियेमबाईंच्या चांतिंगमधून मेणाचा एक टपोरा थेंब मांडीवरच्या कापडावर पडला. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो पुसायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

दुमा हसत होती आणि डोळेही पुसत होती. वर केलेलं बोट तसंच होतं. जात्मिकोने काडी खाली ठेवली, दोन पावलं पुढे आला आणि ते बोट आपल्या मुठीत घेतलं.

"ए मेदान," आतून, वेताच्या खुर्चीतून, बुदेंनी विचारलं, "किती सेकंद लागले त्याला?"

"माहीत नाही, बुदे," दुमा म्हणाली. "मोजायला वेळच मिळाला नाही."